तीन तोंडांचं पोवळं

पहिले चार महिने आमच्या टँकमध्ये खारं पाणी होतं, दगड होते, पुढे दोन क्लाउनफिश आले; कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, मात्र नव्हतं. घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा. मुलगी तर रोज. मी सगळ्यांना सांगायचे, पाणी अजून तयार नाही.

मी मालवणची. पाणी तयार करावं लागतं ही कल्पनाच मला नवीन होती. समुद्र असतो, तो कुणी करत नाही. मेलबर्नला येऊन नऊ वर्षं झाली तेव्हा मी हा टँक मांडला आणि फोनवर बाबांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "घरात समुद्र कशाक व्हयो तुका, बाय?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. खरं कारण असं की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे, १९८७ पासून तो सगळा भाग सागरी अभयारण्य आहे, आणि मी शाळा संपेपर्यंत ते एकदाही पाण्याखाली डोकं घालून पाहिलं नव्हतं. पोवळं म्हटलं की मला आजीच्या अंगठीतला लाल खडा आठवायचा, मंगळासाठी घातलेला. रोज होडीतून ज्याच्यावरून गेलो ते न बघताच गाव सोडलं, याची रुखरुख राहिली होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण गावाकडची मंडळी हे वाचतील. दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत तर सोडाच, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलून घरी न्यायचा नाही. मला हा कायदा योग्य वाटतो. इथे ऑस्ट्रेलियात परवानाधारक लोक प्रवाळ काढतात आणि बरेच जण टँकमध्ये वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे करून विकतात. मी ठरवलं होतं, घेतलं तर दुसऱ्याच्या टँकमध्ये वाढलेल्याचाच तुकडा घ्यायचा.

टँक ९० लिटरचा. मार्चमध्ये मांडला. मेलबर्नचं नळाचं पाणी हलकं आहे. स्वयंपाकघरातल्या नळाखाली मीटर धरला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ४० च्या आसपास. तरी त्यातला क्लोरीन चालत नाही, आणि तांब्याच्या नळांतून अंशभर तांबं आलं तर तेही शंखांना, कोळंब्यांना, प्रवाळाला घातक. म्हणून आरओ-डीआय गाळणीचं पाणी, सगळे क्षार निघून मीटरवर शून्य येईपर्यंत गाळलेलं. त्यात मीठ. स्वयंपाकाचं मीठ नव्हे, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार समुद्राच्या मापाने मिसळलेलं टँकचं मीठ. समुद्राच्या एका लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. या मिठात थोडी ओल असते, म्हणून वजनकाट्यावर थोडं जास्तच घ्यावं लागतं. मी आयुष्यभर भाजी-आमटीत मीठ अंदाजाने घातलं आहे. इथे बादलीपाशी काटा ठेवून बसायची सवय करून घेतली. बादलीत छोटा पंप सोडायचा आणि रात्रभर पाणी फिरू द्यायचं. सकाळी ते काचेसारखं निवळतं.

मग वाट बघणं. रिकाम्या टँकमध्ये थोडा अमोनिया घालायचा आणि दगडांवर जिवाणू वाढू द्यायचे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. चाचणीच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की अमोनिया असेल तर हिरवा रंग येतो, नसेल तर पिवळा राहतो. पाच आठवडे मी तो हिरवा रंग बघत होते. एका रात्री दोन पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया घातला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नळी पिवळीधमक निघाली, नायट्राइटही शून्य. नवऱ्याला हाक मारून दाखवली. त्यानंतर दगडांवर आणि वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर चढला. नव्या टँकमध्ये डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ, येतातच, आणि आपणहून जातात. मे महिन्यात मासे आले, सहा शंख आले. काच निवळत गेली.

जुलैच्या सुरुवातीला मी दुकानात गेले ती झोअँथिड, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातले मऊ जीव, घ्यायच्या विचाराने. दिसायला ती फारच देखणी, हिरव्या-केशरी बटणांची चटई जणू, आणि नवख्यांना झेपतात असं सगळीकडे वाचलेलं. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, घरी लहान मूल आहे का? आणि ते टँकमध्ये हात घालतं का? झोअँथिडच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. ती कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ती चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही, कारण वाफेतून ते विष छातीत जातं. लोक यामुळे दवाखान्यात पोचले आहेत. माझी मुलगी नऊ वर्षांची आणि तिचा हात कोपरापर्यंत टँकमध्ये असतो. मी झोअँथिड सोडून दिलं आणि आजही त्या माणसाचे उपकार मानते.

त्याने दाखवलं ते डंकन कोरल. इथले लोक त्याला व्हिस्कर कोरल, म्हणजे मिश्यांचं प्रवाळ, असंही म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या समुद्रातलंच आहे. करड्या दगडी दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला एक जीव: मध्ये तोंड, भोवती बोटांसारख्या शुंडांचं वर्तुळ. हौशी लोक त्यांना 'हेड' म्हणतात. मुलीने पहिल्याच दिवशी 'तोंड' हा शब्द पक्का केला आणि आमच्या घरात तोच राहिला. माझ्या तुकड्याला तीन तोंडं होती, एका तळव्यात मावतील एवढी. दुकानातल्या एका मोठ्या वाढलेल्या झुडपाचा तो तुकडा.

हे झाड नाही आणि दगडही नाही, हे मला मुलीला समजावून सांगताना स्वतःला नीट कळलं. तो प्राणी आहे. त्याच्या कातडीच्या आत एकपेशीय शेवाळ राहतं. उजेडात शेवाळ साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्राण्याला देतं. प्राणी त्याला घर आणि आपल्या शरीरातून बाहेर पडणारं खत देतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन तो खालचा सांगाडा बांधत जातो. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसायला लागतो. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६ पासून २०२४ पर्यंत पाचदा हे मोठ्या प्रमाणावर झालं. बातम्यांत पांढरी प्रवाळं बघितली होती. आता त्यातलं एक माझ्या मांडीवर पिशवीत होतं आणि नवरा गाडी अगदी हळू चालवत होता.

घरी आल्यावर पिशवी अर्धा तास टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवली, तापमान सारखं व्हावं म्हणून. मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत. मग औषधाच्या पाण्यात बुडवून हलवणं, ज्याला डिप म्हणतात. वाडग्याच्या तळाला दोन-तीन केसासारखे किडे पडले. डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून तुकड्याच्या बुडाची चकती जुन्या टूथब्रशने घासून घेतली. शेवटी सुपरग्लू. हा गोंद पाण्याखालीही धरतो, हे मला खरं वाटलं नव्हतं. जाडसर जेलचा एक गोळा चकतीला लावायचा, दगडावर दाबून मिनिटभर धरायचं. टँकच्या खालच्या भागात, डावीकडे, जिथे पंपाचा झोत थेट लागत नाही पण पाणी फिरतं तिथे त्याला जागा दिली. दिवा ४० टक्क्यांवर आणला.

तीन तोंडं घट्ट मिटलेली. भिजवलेल्या वाटाण्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन समोर बसले तेव्हा मधल्या तोंडाच्या कडेने हिरव्या टोकांची एक ओळ बाहेर आली होती. हलत नव्हती. डबा भरून परत आले तर शुंडं दुप्पट लांब. नऊच्या सुमारास तिन्ही उघडली आणि भाताचं शेत वाऱ्यावर डोलावं तशी एका लयीत डोलू लागली. मधली चकती जांभळट तपकिरी, शुंडं पोपटी, आणि चकतीच्या बरोबर मध्ये एक बारीक चीर. तेच तोंड. मी ऑफिसला उशिरा पोचले.

खायला घालणं आठवड्यातून दोनदा. शेवाळाकडून मिळतं त्यावर त्याचं भागतं, पण डंकनला खायला आवडतं आणि त्याने वाढ बरी होते. गोठवलेले मायसिस, म्हणजे जवळ्याएवढे बारीक कोळंबीवजा जीव, वाटीत टँकच्या पाण्यात विरघळवायचे. पंप बंद करायचे. पाणी स्थिर झालं की लांब पिपेटने एकेका तोंडावर दोन-तीन मायसिस सोडायचे. पहिल्यांदा सोडले तेव्हा वाटलं काहीच होत नाही. मग एका शुंडाचं टोक वळलं. शेजारचं वळलं. मूठ मिटावी तशी सगळी शुंडं आत झुकली, चीर रुंदावत दाण्याएवढी झाली आणि मायसिस अर्धा आत, अर्धा बाहेर असा थांबला. काळे ठिपक्यासारखे डोळे शेवटपर्यंत दिसत होते. सगळं मिळून बारा मिनिटं. मुलगी श्वास रोखून उभी होती.

आमच्याकडे एक क्लीनर कोळंबी आहे. तिला हा कार्यक्रम फार लवकर कळला. ती तुरुतुरु येऊन प्रवाळाच्या तोंडात हात घालून मायसिस ओढून न्यायची, आणि शुंडं दुखावून मिटायची. त्यावर उपाय मिळाला तो साधा: सोड्याच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि प्रवाळावर घंटेसारखा उपडा ठेवायचा. झाकण काढलेल्या तोंडातून पिपेट आत. कोळंबी बाहेरून काचेवर यावी तशी चढते, फिरते, आणि कंटाळून जाते. बाटली वीस मिनिटांनी काढायची, विसरायची नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा. मी पाण्याचा खारेपणा मोजला आणि रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्राने, ३९ दाखवलं. नेहमी ३५ असायचा. मी घाबरले. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालावं लागतं. मला वाटलं, ते घालणारा छोटा पंप कुठेतरी अडकला असणार. दोन दिवसांत मिळून दहा लिटर खारं पाणी काढलं आणि तेवढंच गोडं घातलं. पुन्हा मोजलं, ३५. जिवात जीव आला.

तिसऱ्या दिवशी तिन्ही तोंडं मिटली ती उघडेनात.

मग मी नवखी माणसं जे करतात ते सगळं केलं. दिवा जास्त झाला असेल म्हणून कमी केला. दोन दिवसांनी वाटलं, कमी पडतोय, म्हणून वाढवला. पंपाचं तोंड फिरवलं. दगडावरून तुकडा उचकटून उजवीकडे लावला. पुन्हा डिप दिला. मासे मजेत होते, खात होते. क्लाउनफिशना खारेपणातला फरक बराच सोसतो, हे मला नंतर कळलं. शंख मात्र काचेवर एकाच जागी बसून राहिले होते. ते मी पाहिलं होतं आणि त्याचा विचार केला नाही. याची मला आजही खंत आहे. दहाव्या दिवशी सगळ्यात लहान तोंडाच्या कडेला नखाएवढी पांढरी रेघ दिसली. कातडी मागे सरकून सांगाडा उघडा पडत होता.

त्या रविवारी बाबांचा फोन आला. मालवणात पाऊस कोसळत होता, छपरावरचा आवाज फोनमध्ये ऐकू येत होता. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाबांना वेळच वेळ. मी सांगितलं, तोंडं मिटली आहेत, काही केल्या उघडत नाहीत. त्यांनी टँकबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "पाणी गोडा झाला काय बघ. पावसात खाडीत गोडा पाणी इला की कालवां तोंडां मिटून बसतत."

मी म्हटलं, बाबा, मोजलंय, ३५ आहे. ते म्हणाले, "मग यंत्र बघ."

फोन ठेवला आणि मला आठवलं. जुलैच्या मधोमध तो रिफ्रॅक्टोमीटर ओट्यावरून खाली फरशीवर पडला होता. काच फुटली नव्हती, म्हणून मी पुसून डब्यात ठेवला आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेले. त्यांच्याकडे विजेच्या वाहकतेवरून खारेपणा मोजणारा मीटर आहे. आकडा आला ३१. अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, सात, कॅल्शियम ३७० च्या जवळ. सगळंच एका प्रमाणात खाली. म्हणजे माझं पाणी पहिल्यापासून बरोबर ३५ होतं. पडलेलं यंत्र चार जास्त दाखवत होतं, आणि मी चांगल्या पाण्यात दहा लिटर गोडं पाणी ओतलं होतं. खाडीत पाऊस पाडला होता.

तिथेच ३५ चं प्रमाणित द्रावण घेतलं, लहानशी बाटली. घरी येऊन दोन थेंब यंत्राच्या काचेवर टाकले: ३९. स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणली. हे द्रावण शून्य क्षारांच्या शुद्ध पाण्यापेक्षा का बरं, तेही तेव्हा कळलं. शुद्ध पाण्याने फक्त शून्य जुळतं. आपल्याला जिथे वाचायचं आहे त्या जागी यंत्र खरं बोलतं की नाही, हे ३५ च्या द्रावणानेच कळतं. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी आधी यंत्र तपासते आणि मग पाणी.

त्या दिवशी हात शिवशिवत होते. एक बादली घट्ट खारं पाणी ओतलं असतं तर संध्याकाळपर्यंत आकडा ३५ आला असता. ते केलं नाही. एकदा दोन दिवसांत खाली खेचलेल्या जिवाला तितक्याच घाईने वर खेचणं म्हणजे दुसरा मार. आमच्या टँकमधून रोज साधारण एक लिटर पाणी उडून जातं. त्याच्या जागी गोड्या पाण्याऐवजी ३५ चं खारं पाणी घालायला सुरुवात केली. एका लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ आत, म्हणजे खारेपणाच्या आकड्यात रोज अर्ध्याहून थोडी कमी चढण. नऊ-दहा दिवसांचं काम. दिवा ४० वर परत आणला आणि हात लावला नाही. तुकडा होता तिथेच राहू दिला. खायला घालणं बंद, कारण मिटलेल्या तोंडावर टाकलेलं अन्न नुसतं सडतं.

ते नऊ दिवस मी वहीत लिहून ठेवले आहेत. तारीख, वेळ, खारेपणा, तापमान, आणि शेवटच्या रकान्यात मुलीने काढलेली तीन वर्तुळं. मिटलेलं असेल तर काळं भरलेलं. पहिल्या पाच ओळींत सगळी वर्तुळं काळी आहेत. सहाव्या दिवशी शंख हलले. सकाळी उठले तर दोघे काचेच्या वरच्या कडेला पोचलेले. सातव्या दिवशी मधल्या तोंडाच्या वर्तुळात तिने बारीक पांढरी फट ठेवली आहे. शाळेत जायच्या आधी तिला ती पहिल्यांदा दिसली, मला नाही. नवव्या दिवशी खारेपणा ३५, आणि दोन तोंडं अर्धी उघडी.

तिसरं उघडलं नाही. पांढरी रेघ दांडीवरून खाली सरकत गेली, कातडी पातळ होत होत एका सकाळी उरलीच नाही. सांगाड्याच्या टोकाची नक्षी उघडी पडली: मध्यापासून कडेपर्यंत गेलेले पातळ पडदे, चक्रासारखे. फार सुंदर होतं ते, आणि ते दिसायला नको होतं. मुलीने विचारलं, आई, तो मेला का? मी हो म्हटलं. तिने वहीतलं तिसरं वर्तुळ काढणं थांबवलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोन आसत मां? तेंका बघ."

ऑगस्ट संपता संपता दोन्ही तोंडं पूर्ण उघडायला लागली. पाणी बदलणं दर रविवारी दहा लिटर. नवीन पाण्याचा खारेपणा आणि तापमान टँकच्या पाण्याशी जुळवल्याशिवाय ते आत जात नाही. अल्कलिनिटी आठ ते साडेआठच्या मध्ये ठेवते. दोन तोंडांचं प्रवाळ फार कॅल्शियम खात नाही, त्यामुळे पाणी बदलून भागतं, वेगळं काही घालावं लागत नाही. नायट्रेट पाच-दहा पीपीएम राहू देते. आधी मला वाटायचं, नायट्रेट शून्य म्हणजे पाणी स्वच्छ. पण प्रवाळाच्या आतल्या शेवाळाला थोडं खत लागतं. अगदी शून्यावर आणलं की रंग उडतो.

ऑक्टोबरमध्ये खायला घालताना मेलेल्या दांडीच्या खालच्या बाजूला, जिथे तिन्ही दांड्या जोडल्या आहेत त्या बेचक्यात, मला हिरवा ठिपका दिसला. शेवाळ वाटलं. पिपेटने पाणी मारून उडवायला गेले तर तो आकसला. भिंग आणलं. मोहरीएवढी चकती, भोवती दहा-बारा शुंडांचे कोंब, आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढं तोंड. मुलीला शाळेतून आल्या आल्या दाखवलं. तिने वही शोधून काढली.

जानेवारीत मेलबर्नला पारा ४० च्या वर गेला. सकाळी ११ वाजता टँक २७.५ वर होता, एरवी तो साडेपंचविसावर असतो. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला. वाफ होताना पाणी थंड होतं. पंख्याने दोन अंश उतरले. पण त्याच वाफेमुळे रोज एकाऐवजी अडीच-तीन लिटर पाणी उडायला लागलं आणि गोड्या पाण्याचा साठा दुपारीच संपायचा. पंखा लावला की साठ्याकडे लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर गरमीतून वाचवलेलं पोवळं खारेपणात सापडतं. त्या आठवड्यात मी दोन दिवस घरून काम केलं. तोंडं दुपारी थोडी आखडायची, रात्री पाणी निवल्यावर फुलायची.

मेलेली दांडी मी कापून टाकली नाही. तिच्यावर आता जांभळट गुलाबी खरपुडी चढली आहे, दगडांवर चढते तशीच, आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात दोन नवे कोंब बसले आहेत. या जुलैत वर्ष झालं. बाबा दर रविवारी फोन करतात आणि पाण्याचं विचारायच्या आधी एकच विचारतात, "उघडली तोंडां?" मी फोन टँकसमोर धरते आणि मुलगी मोठ्याने मोजते. गेल्या रविवारी नऊ झाली. बाबांना आठच दिसली, म्हणून तिने फोन काचेला टेकवून नववं दाखवलं, मागच्या बाजूचं, पंपाच्या सावलीतलं.